राउटरला स्विच जोडू या

घरात तारेचे इंटरनेट आले की एक पेटी बसते. ती राउटर. तिच्या पाठीला तारा खोचायची भोके असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. पोर्ट बहुधा चारच. संगणक, टी.व्ही., कॅमेरे जोडले की संपले! मग दुसरे कनेक्शन घ्यायचे काय? आम्ही म्हणतो, नको. स्विच नावाची लहान पेटी आणा.

स्विचला आधी वीज द्या. दिवा लागला? आता एक तार घ्या. एक टोक राउटरच्या 'लॅन' लिहिलेल्या पोर्टात खोचा. टक् असा आवाज झाला पाहिजे. दुसरे टोक स्विचच्या कोणत्याही पोर्टात. 'वॅन' लिहिलेल्या पोर्टाला हात लावू नका. तिथून बाहेरचे इंटरनेट घरात येते.

आता नीट ध्यानात घ्या. एकाच तारेची दोन्ही टोके स्विचमध्ये खोचू नका. तसे झाले तर निरोप आतल्या आत गोल फिरत राहतात. साऱ्या घराचे इंटरनेट ठप्प होते. दिवे मात्र भराभर लुकलुकतात, म्हणून पेटी चांगली वाटते. मग कारागीर बोलावतात, पैसे जातात. अहो, ती तार उपसली की काम झाले!

तार १०० मीटरपेक्षा लांब नको. उघड्यावरून गोठ्यापर्यंत तर नकोच. जवळ वीज पडली तर पेट्या जळतात.

पाटाला दांड फोडले म्हणून पाणी वाढत नाही. तसा स्विचने वेग वाढत नाही, वाटला जातो.

हिशेब करून पाहा. राउटरचे ४ पोर्ट, स्विचचे ५. जोडणीत दोन्हीकडचा एकेक गेला. यंत्रांना उरले ७.