तिकिटाचे सभासद

वाचनालयाचे सभासद व्हायचे म्हणजे अनामत रक्कम भरायची आणि कार्ड घ्यायचे. जिमखान्याचे सभासदत्व तर प्रवेश फीबरोबर आपोआपच पदरात पडते. पुढे वर्षभर तिकडे फिरकलो नाही तरी वहीतून आपले नाव कोणी काढीत नाही. सभासदत्वाची ही कल्पना मनात ठेवून अठराव्या शतकातील इंग्लंडमधल्या मेथॉडिस्ट मंडळीकडे पाहिले, तर सारेच उलटे दिसते. तेथे आत येणे सोपे होते, आत राहणे मात्र कठीण.

या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हा इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचा दीक्षित धर्मोपदेशक होता आणि मरेपर्यंत तसाच राहिला. वेगळा पंथ काढण्याचा त्याचा हेतू नव्हता. १७३९ साली ब्रिस्टलजवळच्या कोळशाच्या खाणींतील मजुरांपुढे उघड्या मैदानात तो प्रवचने करू लागला. ती ज्यांच्या मनाला भिडली त्यांच्या त्याने ‘सोसायट्या’ बांधल्या. बाप्तिस्मा, प्रभुभोजन यांसाठी लोकांनी आपापल्या देवळातच जावे. सोसायटी होती ती एकमेकांना सांभाळण्यासाठी. म्हणूनच, येणाऱ्याची धर्ममते कोणती याची चौकशी होत नसे. पापापासून सुटण्याची तळमळ एवढीच प्रवेशाची अट, असे १७४३ च्या नियमांत वेस्लीने लिहून ठेवले. मात्र ती तळमळ खरी असेल तर ती वागण्यात दिसली पाहिजे, असेही त्याच नियमांनी बजावले. आपल्याकडे वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडली की त्याच्या वेदान्ताची परीक्षा कोणी घेत नाही, पण वारी चुकवायची नाही आणि मद्यमांसाला शिवायचे नाही हे बंधन येते. काहीसा तसाच हा प्रकार होय.

हे वागणे पाहायचे कोणी? या प्रश्नाचे उत्तर अगदी योगायोगाने सापडले. ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज झाले होते. ते कसे फेडावे याचा विचार करण्यासाठी फेब्रुवारी १७४२ मध्ये सभासद जमले असता फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. पुष्कळांना तेवढेही जमणार नाही, असा आक्षेप निघाला. त्यावर कप्तानाने तोड काढली : सर्वांत गरीब अकराजण माझ्याकडे लावून द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्याला देता येणार नाही त्याची पेनी मी भरीन. इतरांनीही तसेच केले. पेनी गोळा करण्यासाठी दारोदार जाऊ लागलेल्या या लोकांना घरांतले खरे चित्र दिसू लागले. कोणी दारू पिऊन पडलेला, कोणाचे बायकोशी भांडण. वेस्लीने हे ऐकले आणि त्याच्या ध्यानात आले, की आपण इतके दिवस शोधीत होतो ती गोष्ट हीच. पुढे घरोघर जाण्याऐवजी बाराजणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे असे ठरले. या गटाला ‘क्लास’ म्हणत. त्याचा पुढारी बहुधा साधा कारागीर असे, आणि पुष्कळ ठिकाणी स्त्रियाही हे काम करीत. त्या काळच्या चर्चमध्ये स्त्रीला बोलण्याची जागा नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे याचे महत्त्व कळते.

दर तिमाहीला वेस्ली किंवा त्याचा सहकारी येऊन प्रत्येकाची विचारपूस करी आणि वागणूक ठीक असल्यास नाव घातलेले एक छोटेसे तिकीट देई. तिकीट मिळाले नाही की सभासदत्व संपले! त्यासाठी वेगळी शिक्षा सुनवावी लागत नसे.

मार्च १७४३ मध्ये वेस्लीने न्यूकॅसलच्या सोसायटीची अशी तपासणी केली, तिचे आकडे त्याच्या रोजनिशीत आहेत. ६४ जणांना काढून टाकले होते. त्यांपैकी १७ दारूबाजीसाठी, ३ भांडखोरपणासाठी, ३ नेहमीच्या खोटेपणासाठी, एकजण आळशीपणासाठी आणि एकजण बायकोला मारल्याबद्दल. (न्यूकॅसलमध्ये बायकोला मारणारा एकच निघावा यावर माझा विश्वास बसत नाही, एकच उघडकीस आला असावा.) पण सर्वांत मोठा आकडा २९ चा आहे, आणि त्यांचा अपराध काय, तर थिल्लरपणा व बेफिकिरी. दारू पिणे दिसते, सिद्ध करता येते. थिल्लरपणा मोजायचा कोणी? शिस्तीचा हा भाग मला धोक्याचा वाटतो.

त्याहून बोलकी यादी आपण होऊन सोडून गेलेल्या ७६ जणांची आहे. १२ जणांना आईबापांनी जाऊ दिले नाही, ९ जणांना नवऱ्याने किंवा बायकोने, ५ जणांना धन्याने. ९ जणांना लोकांचे हसणे सोसवेना. तिघांना गरिबांसाठी मिळणारी मदत बंद होण्याची भीती होती. दोघांना ते ठिकाण फार लांब पडे, आणि दोघे गेले ते केवळ अमुक एक गृहस्थ सोसायटीत आहे म्हणून! एकाने तर सांगितले, की देवाची सेवा करायला अजून पुष्कळ वेळ आहे. अडीचशेहून अधिक वर्षे उलटली, तरी ही माणसे आपल्या आळीतलीच वाटतात.

वेस्लीनंतर सोसायट्यांचे चर्च झाले आणि हळूहळू चित्र पालटले. अमेरिकेत नव्या माणसाला सहा महिने उमेदवारी करावी लागे, मग पूर्ण सभासदत्व मिळे. उलट क्लासची सक्ती सैल होत गेली. तेथील दक्षिणेकडच्या मेथॉडिस्टांनी १८६६ मध्ये ती काढूनच टाकली. दाराशी चौकशी वाढली आणि आतली कमी झाली.

आश्चर्य असे, की याच सुमारास ही जुनी पद्धत मुंबईत नव्याने रुजली. विल्यम टेलर हा अमेरिकन प्रचारक १८७१ च्या अखेरीस मुंबईस आला. त्याच्याजवळ इमारत नव्हती, आणि मिशनचा पैसा घ्यायचा नाही असा त्याचा बाणा होता. तेव्हा त्याने लोकांच्या घरांतच छोटे गट बसवले, आणि त्यांतून १८७२ मध्ये मुंबईची मेथॉडिस्ट मंडळी उभी राहिली. मुंबईत आधीपासून अतिशय साधेपणाने राहणारा जॉर्ज बोवेन हाही तिला येऊन मिळाला. आरंभीचे सभासद मुख्यत्वे इंग्रजी बोलणारे होते. मराठी काम मागून वाढले. भायखळ्याचे चर्च टेलरच्या आणि अपोलो बंदराजवळचे बोवेनच्या नावाने आजही उभे आहे. १९७० मध्ये उत्तर भारतातील अनेक चर्चे एकत्र आली, तेव्हा ही अमेरिकन परंपरेची मंडळी बाहेर राहिली आणि १९८१ मध्ये स्वायत्त झाली.

आज मेथॉडिस्ट घरातल्या मुलाचा बाप्तिस्मा लहानपणीच होतो. जाणते झाल्यावर पाळक त्याला शिकवण देतात, आणि मग एका रविवारी तो मंडळीपुढे उभा राहून आपल्या तोंडाने विश्वास कबूल करतो. त्या वेळी प्रश्न एकट्या त्यालाच नसतात. बाकांवर बसलेल्यांनाही या नव्या सभासदाला सांभाळण्याचे वचन द्यावे लागते, आणि ते त्यांनी उभे राहून, सर्वांनी मिळून द्यायचे असते.