व्यापाऱ्याचे मृत्युपत्र : जेम्स मॅकगिलचा धडा

हयातभर खपून धंदा उभा केला आणि मालकाने डोळे मिटताच वारस कोर्टात गेले, असे प्रकार आपल्या आसपास नेहमी घडतात. म्हणून या वेळी आम्ही एका परदेशी व्यापाऱ्याचा दाखला देत आहोत.

जेम्स मॅकगिलचा जन्म 1744 मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात झाला. घराणे लोहारकाम करणारे. तरुणपणी तो कॅनडात गेला आणि मॉन्ट्रियल येथे आयझॅक टॉडच्या भागीदारीत फरचा, म्हणजे केसाळ कातड्यांचा व्यापार करू लागला. कापड, दारू, तंबाखू आतल्या मुलखात पाठवायची आणि कातडी लंडनला रवाना करायची, असा हा धंदा होता. पुढे जॉन व अँड्र्यू हे भाऊही कॅनडात येऊन व्यापारात पडले.

1776 मध्ये त्याने शार्लोट या फ्रेंच घराण्यातील विधवेशी विवाह केला. स्वतःचे मूल झाले नाही. तिचे मुलगे त्याच्या घरात वाढले. 1792 मध्ये तो विधानसभेवर निवडून आला. मॅजिस्ट्रेट आणि नागरी सैन्याचा कर्नल म्हणूनही त्याने काम केले.

1811 मध्ये त्याने मृत्युपत्र केले. महाविद्यालयासाठी 46 एकरांची बर्नसाइड मिळकत आणि 10,000 पौंड ठेवले. चार विश्वस्त नेमले आणि अट घातली की, आपल्या मृत्यूनंतर दहा वर्षांत महाविद्यालय स्थापन झाले पाहिजे. त्यातील एकाला आपले नाव द्यावे. 1813 मध्ये तो वारला.

अडचण येथेच आली. ज्या सरकारी शिक्षणसंस्थेला हे दान द्यायचे होते, ती तेव्हा फक्त कायद्याच्या कागदावर होती. 1821 मध्ये महाविद्यालयाला सनद मिळाली, पण वर्ग कोठेच नव्हते. सावत्र मुलगा फ्रान्स्वा याने दान अडवले. दावे चालले. 1829 मध्ये जागा हाती आली आणि महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. रकमेचा वाद मात्र त्यानंतरही काही वर्षे चालला. आज तेथे मॅकगिल विद्यापीठ आहे. 1952 मध्ये इस्लामी अभ्यासाची संस्थाही तेथे निघाली.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे. मॅकगिलने काळी व मूळनिवासी माणसे गुलाम म्हणून बाळगली होती. 2021 मध्ये विद्यापीठाच्या आवारातील त्याचा पुतळा हलविण्यात आला. दान कितीही मोठे असो, कमाईचा हिशेब दोनशे वर्षांनीही विचारला जातो.

व्यापारी बांधवांनी यातून तीन गोष्टी घ्याव्यात. मृत्युपत्र हातीपायी धड असताना करावे. त्यात हेतू, विश्वस्त आणि मुदत स्पष्ट लिहावी. ज्या संस्थेला द्यायचे, ती आपल्या हयातीतच उभी करावी. आणि वारसांना समोर बसवून सर्व सांगावे. मॅकगिलने पहिली गोष्ट केली, म्हणून दान टिकले. संस्था उभी नव्हती, म्हणून सोळा वर्षे गेली.