वर्षाचा संकल्प व त्याची सिद्धि

पाडव्यास नवें वर्ष लागतें, तेव्हां बहुतेक शेतकरी मनाशीं कांहींतरी ठरवितात. कोणी म्हणतो, यंदा जमीन सुधारीन. कोणी म्हणतो, यंदा कर्ज वाढूं देणार नाहीं. पुढें पेरणीची घाई सुरू होते आणि दिवाळीपर्यंत त्या बोलण्याची आठवणहि राहत नाहीं. यांत दोष नेहमीं आळसाचाच असतो असें नाहीं. पुष्कळदां संकल्प करण्याची रीतच चुकलेली असते. ती रीत कशी असावी याचा येथें विचार करूं.

पहिली गोष्ट, संकल्प आपल्या स्वाधीन असलेल्या कामाचा असावा. एकरीं अमुक क्विंटल सोयाबीन पिकवीन, हा संकल्प नव्हे, ती इच्छा होय. कारण पाऊस, कीड व बाजारभाव आपल्या हातीं नाहींत. पेरणीपूर्वीं बियाण्याची उगवणशक्ति पाहणें, बांध दुरुस्त करणें, खत कुजविणें, हीं कामें मात्र आपल्या हातचीं आहेत.

दुसरी गोष्ट, तो मोजतां यावा. महसुलाच्या दप्तरांत ‘जमीन बरीच आहे’ अशी नोंद कोणी करीत नाहीं. गट नंबर, हेक्टर व आर लिहावे लागतात. संकल्पाचेंहि तसेंच आहे. ज्यांत आंकडा नाहीं, तो मोडला कीं पाळला हें सांगतां येत नाहीं.

तिसरी गोष्ट, त्यास मुदत असावी आणि ती हंगामाशीं जुळावी. उदाहरणार्थ, ‘जमीन सुधारीन’ हाच संकल्प घेऊं. पुसदचे नाडेपकाका पांढरीपांडे यांची खताची टाकी सर्वपरिचित आहे. ती 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच असून भिंतींस हवेसाठीं छिद्रें ठेवितात. काडीकचरा, शेणकाला व चाळलेली माती यांचे थर देऊन, ओल राखली असतां 3 ते 4 महिन्यांत सुमारे 3 टन खत मिळतें. कोरडवाहू जमिनीस हेक्टरीं 5 टन, म्हणजे एकरीं 2 टन खत धरिलें, तर दोन टाक्या 3 एकरांस पुरतात. तेव्हां वहींत असें लिहावें: ‘पहिली टाकी डिसेंबरअखेर व दुसरी जानेवारीअखेर भरीन, मृगापूर्वीं 3 एकरांत खत पसरीन.’ इतकें लिहिलें म्हणजे सोयाबीनचें काड बांधावर जाळावयाचें नाहीं, हें वेगळें ठरवावें लागत नाहीं.

चौथी गोष्ट, संकल्प चारचौघांस सांगावा. निदान घरधनिणीस तरी माहीत असावा. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें, श्री. पोपटराव पवार 1989 सालीं सरपंच झाल्यानंतर, ऊस लावावयाचा नाहीं व शेतीसाठीं विंधनविहिरीचें पाणी घ्यावयाचें नाहीं, असे नियम ग्रामसभेंत केले. पावसाचें माप घेऊन त्या वर्षीं कोणतीं पिकें घ्यावयाचीं हेंहि तेथें सर्वांसमक्ष ठरतें. शेजारच्या गांवीं उसाचे पैसे होत असतां आपण तो न लावणें सोपें नव्हे. पण शब्द सर्वांसमोर दिलेला असला, म्हणजे मोहाच्या वेळीं तो पाळण्यास आधार मिळतो.

पांचवी गोष्ट खंडाची. घरांत आजारपण येतें, लग्नकार्य निघतें आणि मुदत चुकते. अशा वेळीं ‘यंदा झालें नाहीं, पुढील वर्षीं पाहूं’ असें म्हणून वही मिटूं नये. दोन टाक्या झाल्या नाहींत तर एक भरावी, 3 एकरांऐवजीं दीड एकरांत खत घालावें. माप कमी करावें, काम सोडूं नये. कारण एकदां सोडलेलें काम दुसऱ्या वर्षीं दुप्पट जड वाटतें.

शेवटीं, एका वर्षीं एकच संकल्प पुरे. पाऊस फिरला व पीक बुडालें, तरी ज्यानें पिकाचा आंकडा धरिला होता त्याच्या हातीं कांहींच राहत नाहीं. ज्यानें कामाचा आंकडा धरिला त्याचें काम मात्र जमिनींत राहतें. घातलेल्या खताचा कांहीं अंश पुढील पिकासहि मिळतो, आणि कर्जाच्या वर्षांत तेवढाच आधार असतो. वाचकांनीं येत्या हंगामासाठीं अशी एक ओळ, आंकडा व तारीख घालून, आपल्या वहींत आजच लिहावी.