हात मोकळे ठेवून निघा : दिघीहून परदेशी जाणाऱ्यांसाठी

दिघीहून परदेशी निघालेल्या माणसाचं सामान मुंबईच्या विमानतळावर पोचेपर्यंतच चार-पाच वेळा चढतं-उतरतं. मुरूड-अलिबागवरून जायचं म्हटलं तर घर ते धक्का, धक्क्यावरून गाड्या नेणारी फेरीबोट म्हणजे जंगलजेट्टी, पलीकडे आगरदांड्याला गाडी, मांडव्याला पुन्हा बोट आणि मग भाऊचा धक्का किंवा गेटवे. खाडी टाळून म्हसळा-माणगावमार्गे गेलात तर वाटेत गाडी बदलणं आलंच. पण इथवर सोडायला माणसं असतात. एक बॅग भाऊ उचलतो, दुसरी मेहुणा, पोराला आजी कडेवर घेते. विमानतळाच्या दारात ही सगळी मागे राहतात, आणि तिथून पुढे सामान, पोर आणि कागदपत्रं यांना मिळून दोनच हात उरतात.

दुबई, लंडन, टोरांटो आणि न्यू जर्सीत स्थिरावलेल्या, दिघी, दिवेआगर, बोर्ली पंचतन आणि श्रीवर्धन या बाजूच्या घरांनी मिळून हे टिपण तयार केलं आहे. व्हिसा, बँक, भाड्याचं घर याबद्दल नवीन माणसाला दहा ठिकाणांहून सल्ला मिळतो. सामान हातात न धरता कसं न्यायचं हे मात्र कुणी सांगत नाही, आणि पहिल्या दिवशी माणूस रडकुंडीला येतो तो बहुतेक याच पायी.

हात कशाला मोकळे हवेत, ते आधी सांगतो. टर्मिनल २ च्या दारातच पासपोर्ट आणि तिकीट दाखवावं लागतं. उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत पुन्हा कागद. मग फोनवर पत्ता शोधायचा, तिकिटाचं यंत्र चालवायचं, जिन्याचा कठडा धरायचा, आणि परक्या गर्दीत पोराचा हात एक क्षणही सोडायचा नाही. लंडनमधल्या आमच्या एका वहिनींचं म्हणणं असं की, आई एकटी प्रवास करत असेल तर तिच्या सामानाचा हिशोब किलोंत करूच नये. पोराला धरल्यावर जे नेता येईल तेवढंच तिचं सामान. आम्हा सगळ्यांना हे पटलं. म्हणून पहिला नियम : एक माणूस, कुणाच्या मदतीविना, एकाच फेरीत दोन जिने चढवू शकेल तेवढंच घ्या. एक बॅग खाली ठेवून दुसरी वर नेऊन येऊ, हे इथे चालत नाही. बेवारस बॅग दिसली की सुरक्षारक्षक धावतात.

विमान कंपनी साधारणपणे २३ किलोचे एक किंवा दोन मोठे नग नेऊ देते. म्हणून दोन्ही काठोकाठ भरलीच पाहिजेत असं नाही. कुटुंबात मोठी माणसं दोन असतील तर चार मोठ्या बॅगा कागदावर बसतात, जिन्यावर बसत नाहीत.

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे सॅक, तीही कमरपट्ट्याची. कॉलेजच्या सॅकला नुसते खांद्याचे पट्टे असतात; त्यात सात किलो घालून तासभर रांगेत उभं राहिलात की मान आखडते. ट्रेकवाल्यांच्या सॅकला कमरेभोवती जाड पट्टा असतो आणि छातीवर लहान. कमरपट्टा नाभीच्या आसपास नाही, कमरेच्या हाडांवर आला पाहिजे. आधी तो आवळा, मग खांद्याचे पट्टे ओढा, म्हणजे भार हाडांवरून पायांत उतरतो. आपल्याकडे कोळणी चुंबळीवर पाटी ठेवून दोन्ही हात सोडून चालतात, त्यांचा भार जसा कण्याच्या रेषेत असतो तसाच सॅकमधलाही असायला हवा. लॅपटॉप, पुस्तकं पाठीला चिकटून. स्वेटर, टॉवेल बाहेरच्या बाजूला. चाळीस लिटरची सॅक पुष्कळ झाली. बऱ्याच कंपन्यांची केबिनमधली मर्यादा सात किलोच असते, त्यामुळे मोठी सॅक घेऊन ती भरण्याचा मोहच नको.

आता ओढण्याबद्दल. चाकांची बॅग कमरेला अडकवून ओढता येते, आणि नीट जमवलं तर फार सुखाचं जातं. बर्नार्ड सॅडो या अमेरिकी माणसाला १९७२ मध्ये चाकांच्या बॅगेचं पेटंट मिळालं, तेव्हाची ती बॅग पट्ट्यानेच ओढायची होती. खाली चार लहान चाकं आणि पुढे लोंबता पट्टा. मऊ पट्ट्याला बॅगेवर ताबा ठेवता येत नाही : वळलात की ती डुलते, थांबलात की मागून टाचेवर येते. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने बॅग उभी केली, तिला दोन चाकं आणि ताठ, लांब होणारा दांडा दिला, आणि आज आपण ओढतो ती बॅग तयार झाली. यातून आपल्या कामाची गोष्ट एवढीच की कमरेला दोरी बांधून बॅग ओढू नका. दांडाच कमरेला अडकवा. ताठ दांडा बॅगेला तुमच्यापासून ठरावीक अंतरावर ठेवतो.

पट्टा घरी करता येतो. खाटेची नवार असते तशी दोन-अडीच इंच रुंदीची मजबूत पट्टी घ्या. पुढे चिमटीत दाबलं की सुटणारं प्लॅस्टिकचं बक्कल लावा आणि पाठीमागे मध्यभागी शिंप्याकडून आडवी-उभी शिवण मारून एक जाड फास बसवा. फासात कॅराबिनर, म्हणजे ट्रेकवाल्यांची उघडमीट होणारी कडी, आणि त्यात बॅगेचा दांडा. बक्कल पुढे आणि एका झटक्यात सुटणारंच हवं. गाठ मारलेली ओढणी, दुपट्टा, पँटचा पट्टा यांतलं काहीही वापरू नका. बॅग कलंडली किंवा कुठे अडकली तर ती तुम्हालाही खाली ओढते, आणि त्या वेळी गाठ सोडायला वेळ नसतो.

बॅग दोनच चाकांची हवी, आणि चाकं जेवढी मोठी तेवढी बरी. चार फिरत्या चाकांची बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर बोटाने ढकलली तरी जाते. कमरेला लावली की वाट्टेल तिकडे फिरते आणि उतारावर आपल्याआधी खाली पोचते.

भरताना काय कुठे ठेवता यावर सगळं अवलंबून आहे. दोन चाकांची बॅग तिरकी केली की वजन चाकं आणि दांडा यांत वाटलं जातं. २३ किलोच्या बॅगेत जड वस्तू चाकांशी असल्या तर कमरेवर साधारण पाच-सहा किलोच येतात. त्याच वस्तू वरच्या टोकाला गेल्या तर याच्या दुप्पट. टोरांटोतल्या काकू हे एका वाक्यात सांगतात : कुकर चाकांवर, साड्या दांड्याकडे. कुकरच्या पोटात खलबत्ता आणि मसाल्याच्या पुड्या कपड्यात गुंडाळून, त्याच्या दोन्ही बाजूंना चपला, वर पीठ, त्यावर कपडे. सोडे, सुकट, बोंबील हलके असतात, म्हणून ते सगळ्यात वर, दुहेरी पिशवीत हवा काढून. वर ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. अमेरिका, कॅनडात खाण्याच्या वस्तू कस्टमला सांगायच्याच असतात, आणि अधिकाऱ्याने बॅग उघडायला सांगितली तर त्या लगेच दाखवता येतात, सगळं सामान फरशीवर उपसावं लागत नाही. नेणार त्या देशात त्या चालतात का, हे निघण्याआधी बघा.

दुसरी, लहान बॅग असेल तर ती मोठीच्या दांड्यात ओवा. हल्ली बऱ्याच पिशव्यांना मागे त्यासाठी आडवा पट्टा असतो. नसेल तर बक्कलवाला पट्टा वेगळा मिळतो. मात्र दोन मोठ्या बॅगा एकामागे एक जोडून आगगाडी करू नका. दारातून वळताना मागची बॅग हमखास चौकटीत अडकते.

बॅग ओढायचा पट्टा केव्हा सोडायचा हे लावण्याइतकंच नीट शिकून घ्या. सरकत्या जिन्यावर पट्टा लावलेला असता कामा नये, कधीच नाही. तिथे आधी बॅग सोडवा, वरच्या पायरीवर चढवा आणि हाताने धरा. त्याहून चांगलं म्हणजे लिफ्टने जा. गाडीच्या दारात, रस्ता ओलांडताना आणि बर्फावर तेच. जंगलजेट्टीच्या लोखंडी उतारावरही बॅग हातात घ्या, कारण तिथे भरती-ओहोटीप्रमाणे उताराचा कोन बदलतो, पाणी असतं आणि मागून मोटारसायकली येत असतात.

पोर लहान असेल तर त्याला छातीशी बांधायची कापडी झोळी घ्या. बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत बहुधा नेता येते, पण पुढच्या विमानतळावर ती दारातच मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हे त्या त्या ठिकाणावर असतं. झोळी मात्र अंगावरच असते. पुढे पोर आणि मागे सॅक असली की तोल छान राहतो. वाकताना कमरेतून न वाकता गुडघ्यात वाका. पासपोर्ट, व्हिसाची पत्रं आणि थोडे पैसे कपड्यांच्या आत गळ्यातल्या पाउचमध्ये. सॅकच्या मागच्या कप्प्यात पासपोर्ट ठेवू नका, तो कप्पा तुम्हाला दिसत नाही.

विमानतळाच्या आत यातलं फारसं लागत नाही, तिथे ट्रॉली असते. अमेरिकेतल्या बऱ्याच विमानतळांवर तिला काही डॉलर मोजावे लागतात, ते खुशाल मोजा. अमेरिकेत आतल्या शहरी जायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्याच विमानतळावर सामान उचलून, कस्टममधून नेऊन पुन्हा द्यावं लागतं, मुंबईत थेट शेवटच्या गावाची चिठ्ठी लावली असली तरी. न्यूअर्कला उतरून एडिसन, इझलिनकडे जाणाऱ्यांनी एअरट्रेनने रेल्वे स्टेशन गाठावं, तिथून गाडी पकडून मेट्रोपार्कला उतरावं. तिथे लिफ्ट आहे.

लंडनला हीथ्रोहून पिकॅडिली लाइनही शहरात जाते आणि एलिझाबेथ लाइनही. पिकॅडिली स्वस्त पडते म्हणून नवीन माणूस तिच्यात बसतो, आणि मग मधल्या एखाद्या जुन्या स्टेशनावर अरुंद जिन्याशी दोन बॅगा घेऊन उभा राहतो. एलिझाबेथ लाइन २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या सगळ्या स्टेशनांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्या न चढता जाता येतं. पहिल्या दिवशी जास्तीचे पौंड द्या. पुढे गाडी बदलायची असेल तर नकाशावर व्हीलचेअरची खूण असलेलंच स्टेशन निवडा.

दुबईत मेट्रोत माणशी एक मोठी आणि एक लहान एवढ्याच बॅगा चालतात. मोठीची मर्यादा ८१ × ५८ × ३० सेंटिमीटर. दोरीने बांधलेली खोकी तिथे अडवतात. शिवाय मुंबईहून जाणारी पुष्कळ विमानं मेट्रो बंद असते अशा वेळी उतरतात, तेव्हा टॅक्सीचे पैसे वेगळे काढून ठेवा. टोरांटोत पिअरसन विमानतळावरून युनियन स्टेशनला यूपी एक्सप्रेस जाते, तिच्यात बॅग सरळ चाकांवर आत शिरते. खरी परीक्षा बाहेर, हिवाळ्यात. अर्धवट वितळलेला बर्फ चाकांत बसतो आणि बॅग घसरगाडीसारखी फरफटते. नोव्हेंबर ते मार्चमध्ये येणाऱ्यांनी ओढण्यापेक्षा पाठीवर जास्त घ्यावं, आणि सॅकचे पट्टे जाड जाकिटावरून लागतात का हे मुंबईतच बघून घ्यावं.

आपोआप मागे येणाऱ्या, बसून चालवायच्या अशा बॅटरीच्या बॅगाही मिळतात. त्यांच्यावर पैसे घालवू नका. बॅटरी काढता येत नसेल तर विमान कंपन्या अशी बॅग घेत नाहीत. २०१८ पासून अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी हा नियम कडक केला. काढता येत असली तरी ती बॅटरी केबिनमध्येच न्यावी लागते, पॉवर बँकेसारखी. आणि बॅटरी संपली की हातात उरते एक नुसतीच जड बॅग.

आई-वडील एकटे येत असतील तर कमरपट्टा, ओढणं यातलं काहीही त्यांना सांगू नका. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. मोठी बॅग एकच, केबिनमध्ये फक्त औषधांची लहान पिशवी, तीही गळ्यातून तिरकी घालायची. त्यांना हवं असलेलं बाकी सामान पुढे कुणी येणारा-जाणारा आणेल, आपल्या बाजूचं कुणी ना कुणी दर महिन्याला येतच असतं.

निघण्याच्या आठवडाभर आधी सगळं भरून, पोराला झोळीत घेऊन, घरापासून धक्क्यापर्यंत चालून या, आणि शाळेचा जिना एकदा चढा. जे दमवतं ते त्याच संध्याकाळी काढून ठेवा.

आणि इथे कुणी घ्यायला येणार असेल तर त्याला नुसती विमानाची वेळ कळवून भागत नाही. मोठ्या बॅगा किती, खोकी आहेत का, माणसं किती, हे कळवा. इथल्या लहान गाडीत चार जणांबरोबर तीन मोठ्या बॅगा मावत नाहीत आणि मग मध्यरात्री दुसरी गाडी शोधावी लागते. पोराचं वय, उंची आणि वजनही लिहा. ब्रिटन, अमेरिका, कॅनडात लहान मुलाला गाडीत मांडीवर घेता येत नाही, त्याच्या मापाची खुर्ची आधीच बसवून आणावी लागते, आणि ती आमच्यापैकी कुणाच्या तरी घरी असतेच.