नव्या घराच्या खिडक्या : दिशा, आकार आणि सावली

बालाघाटच्या पठारावरील वाशी तालुक्यात, किंबहुना संपूर्ण धाराशिव जिल्ह्यात, गेल्या तीन दशकांत घरबांधणीचे स्वरूप पालटून गेले आहे. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवद यांची जागा विटांच्या वा सिमेंट ब्लॉकच्या भिंतींनी आणि काँक्रीटच्या स्लॅबने घेतली. या बदलामागे एक दुःखद कारणही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचा भार अंगावर कोसळल्यामुळे. त्यानंतर माळवदाचे घर नको, ही भावना या भागात रुजली व ती साहजिकच होती. मात्र जुन्या घराबरोबर त्यातील गारवाही गेला.

जुन्या घराला खिडक्या फारशा नव्हत्या. उजेडासाठी माळवदाला ठेवलेले एखादे भोक आणि भिंतीत उंचावर एखादा झरोका, एवढ्यावर भागत असे. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होई आणि रात्री घरातील माणसे अंगणात किंवा माळवदावर निजत. नव्या घराची भिंत सहा ते नऊ इंचांची असते. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्र उलटली तरी आतील खोलीत उष्णता सोडीत राहतो. ही उष्णता बाहेर घालवण्याचा विनाखर्च मार्ग एकच आहे, तो म्हणजे खिडकी. असे असूनही घर बांधताना सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी विचार होतो तो खिडकीचाच. बाजारात तयार चौकट ज्या मापाची मिळेल ती आणावयाची आणि गवंडी सांगेल त्या भिंतीत बसवावयाची, असाच प्रघात दिसतो. पुढे त्याची भरपाई कूलरने करावी लागते. कूलरला वीज लागते आणि पाणीही लागते. ज्या गावात मे महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते तेथे हा उपाय कितपत परवडणारा आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

सूर्याची वाट

वाशी हे सुमारे साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास दुपारी साडेबाराच्या थोडे आधी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस असा दिवस पुन्हा येतो, मात्र तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हा प्रयोग अवश्य दाखवावा, कारण खिडकीचे निम्मे शास्त्र त्यात सामावले आहे. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य माथ्यावर असल्याने दक्षिण आणि उत्तर बाजूंच्या खिडक्यांना दीड-दोन फुटांचा छज्जा पुरेशी सावली देतो. डिसेंबरात तोच सूर्य मध्यान्ही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, आणि थंडीच्या दिवसांत हवेसे वाटणारे ऊन दक्षिणेच्या खिडकीतून थोडेफार आत येते.

पश्चिमेची गोष्ट निराळी आहे. मे महिन्यात सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य अवघा २५ अंश उंचीवर असतो. त्या वेळी पश्चिमेच्या खिडकीवरील दोन फुटांचा छज्जा वरच्या जेमतेम एक फूट भागावर सावली टाकतो आणि बाकीची सर्व खिडकी उन्हात राहते. भिंती आधीच तापलेल्या असताना हे ऊन थेट अंथरुणापर्यंत पोचते. म्हणून मोठ्या खिडक्या उत्तरेस आणि दक्षिणेस, पूर्वेस बेताची, आणि पश्चिमेस केवळ लहान व उंचावरची, असा क्रम ठेवणे इष्ट ठरते. पश्चिमेची भिंत मात्र अगदी बंद ठेवू नये. या भागात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुतांशी पश्चिमेच्या बाजूनेच येतो.

वाऱ्याचा एक साधा नियम आहे. त्याला शिरण्यास जागा हवी, तशीच निघून जाण्यासही हवी. एकाच भिंतीतील दोन खिडक्यांपेक्षा समोरासमोरच्या भिंतींतील दोन लहान खिडक्या अधिक उपयोगी पडतात. स्लॅबलगतचा झरोका तर स्वस्तातील सर्वांत गुणकारी साधन होय, कारण तापलेली हवा वर चढते आणि तेथेच साचून राहते. हल्ली झरोके ठेवण्याची पद्धत का मागे पडली, हे कळणे कठीण आहे.

किती मोठी?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या वतीने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता तयार करण्यात आली. तीत हवामानानुसार खिडक्यांचे किमान प्रमाण दिले आहे. उष्ण व कोरड्या हवामानाच्या प्रदेशात खिडक्यांचे उघडणारे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १० टक्के असावे, असे ती सांगते. संहिता मोठ्या भूखंडांवरील इमारती डोळ्यांपुढे ठेवून केलेली असल्याने खेड्यातील घरास ती बंधनकारक नाही, पण हिशेबाला उपयुक्त आहे. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमधील घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट असते. त्यास २७ चौरस फूट उघडणारी जागा हवी. तळमजल्याचा प्रवेशदरवाजा यात धरावयाचा नाही.

येथे 'उघडणारी' या शब्दाकडे लक्ष द्यावयास हवे. झडपांची खिडकी सुमारे ९० टक्के उघडते, तर सध्या लोकप्रिय असलेली दोन तावदानांची ॲल्युमिनियमची सरकती खिडकी फक्त ५० टक्के उघडते. तीन फूट लांबीरुंदीच्या झडपांच्या साडेतीन खिडक्यांनी जे काम होईल त्यास सरकत्या सहा खिडक्या लागतील. दिसावयास सुबक असलेली वस्तू अशी निम्म्याने कमी पडते.

काच आणि झडप

थंड प्रदेशात खिडकीचे काम नेमके उलट असते. लडाखमध्ये दक्षिणेकडे मोठी काच लावून दिवसाचे ऊन घरात साठवितात. युरोपातील थंड देशांत दोन काचांमध्ये हवेचा थर कोंडून आतील ऊब राखतात. तेथील दुहेरी काचेची जाहिरात वाचून येथे ती बसविणे म्हणजे लोकरीची शाल मे महिन्यात पांघरण्यासारखे होईल, असे मात्र नाही. वातानुकूलित खोलीत तिचा उपयोग आहे. परंतु जे घर रात्री उघड्या खिडक्यांनीच थंड व्हावयाचे, त्यात हा खर्च वाया जातो. साधी काच उन्हातील बहुतेक उष्णता आत सोडते. आतून पडदा लावला तरी ती उष्णता घरात आलेलीच असते. ऊन काचेच्या बाहेरच अडविले पाहिजे. लाकडी झडप, बांबूचा चिक किंवा वेलीचा मांडव ही साधने म्हणूनच काचेहून श्रेष्ठ ठरतात.

त्याहूनही महत्त्वाची आहे ती वापराची रीत. उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडक्या बंद कराव्यात आणि दिवस मावळून बाहेरची हवा निवली की सर्व उघडाव्यात. पठारावरील रात्री दिवसाच्या मानाने बऱ्याच थंड असतात आणि घर त्याच वेळी निवते. प्रत्यक्षात बहुतेक घरांत दिवसभर खिडक्या सताड उघड्या आणि रात्री चोराच्या व डासांच्या भीतीने कड्या लावलेल्या, असेच आढळून येते. ही भीती खोटी नाही. तेव्हा चौकटीतच मजबूत गज आणि बारीक जाळी बसविणे हा चैनीचा नव्हे, तर आवश्यक खर्च समजला पाहिजे. त्यासाठी रंगीत काचेवरील खर्च कमी करता येतो.

भूकंपप्रवण भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. खिडकी भिंतीच्या कोपऱ्याला खेटून ठेवू नये, कोपऱ्यापासून दोन फुटांचे अंतर सोडावे. दोन खिडक्यांमध्येही तेवढी भिंत राहू द्यावी. सर्व खिडक्यांची वरची कड एका पातळीत ठेवून त्यांवरून घराभोवती सलग काँक्रीटची पट्टी फिरवावी. प्रत्येक खिडकीवर सुटा तुकडा टाकल्यास पैसे वाचतात, पण भिंती एकमेकींना बांधल्या जात नाहीत.

हे सर्व निर्णय पाया भरण्याच्या सुमारासच व्हावयास हवेत. घरकुलाच्या पहिल्या पाहणीस येणारे अभियंता आणि ग्रामपंचायतीचे सदस्य यांनी लाभधारकासमवेत जागेवर उभे राहून पश्चिम दिशा निश्चित करावी आणि खिडक्यांच्या जागा चुन्याने आखून द्याव्यात. ज्यांची घरे बांधून झाली आहेत, त्यांनी मे महिन्यात सायंकाळी चार वाजता जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या कडेने खडूने रेघ ओढून पाहावी. जेवढा पट्टा दिसेल तेवढ्यासाठी बाहेरून चिक लावावा आणि पावसाळा सुरू होताच त्या भिंतीपासून दहा-बारा फुटांवर एक कडुलिंब लावावा.