दत्तक मूल, दोन देश आणि आपली नोंदवही



मागच्या नाताळच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामातील एक जोडपे आम्हांला भेटायला आले. दोघेही बरीच वर्षे कॅनडात नोकरी करतात. घर झाले, गाडी झाली, मूल मात्र झाले नाही. नवऱ्याच्या धाकट्या भावाला तीन मुली. तिसरी सहा वर्षांची. घरात सर्वांनी बसून ठरवले होते की तिसरी यांनी न्यावी. आजीचाही होकार होता. आमच्याकडे त्यांची एवढीच मागणी होती : "फादर, स्नानसंस्काराच्या दाखल्यावर आईवडील म्हणून आमची नावे घालून द्या. पुढचे एजंट बघतो म्हणालाय."

आम्ही नाही म्हटले. दोघांचे चेहरे पडले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले आणि आम्हांलाही त्या रात्री नीट झोप लागली नाही. नकार देणे सोपे असते. पण मग योग्य वाट कोणती, हे सांगण्याची जबाबदारीही नकार देणाऱ्यावर येते. म्हणून त्यानंतर आम्ही कायद्याची पुस्तके उघडली, ओळखीच्या वकिलांना विचारले आणि जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. आपल्याकडील कितीतरी घरांतले कोणी ना कोणी परदेशी आहे. हा प्रश्न उद्या आणखी एखाद्या घरात येईल.

आधी थोडे मागचे. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख समाजासाठी १९५६ चा दत्तक कायदा आहे. आपण ख्रिस्ती लोक त्यात नाही. त्यामुळे आपल्या वाडवडिलांनी जी मुले "दत्तक" घेतली ती कायद्याच्या दृष्टीने दत्तक नव्हतीच. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली त्यांना फक्त पालक नेमले जाई. मूल सज्ञान झाले की ते पालकत्व संपे. वारसाहक्क मिळत नसे. ज्या आईने रात्री जागून ताप उतरवला ती कोर्टाच्या कागदावर "पालक", आई नव्हे! २००० च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांनी एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर निकाल देताना अनाथ बालकाला कुटुंब मिळणे हा त्याचा हक्क मानला. पुढे बाल न्याय कायद्याने, विशेषतः २००६ च्या दुरुस्तीने, कोणत्याही धर्माच्या माणसाला खरेखुरे दत्तक घेण्याची सोय झाली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. आज २०१५ चा बाल न्याय कायदा आणि २०२२ ची दत्तक नियमावली लागू आहे. आपल्याला याच दारातून जायचे आहे. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीपुढे केलेला करारनामा हे दार नव्हे. तो कागद कितीही लाल शिक्क्यांचा असला तरी त्याने मूल आपले होत नाही.

परदेशी मूल नेण्याबाबत कायदा एवढा कडक का? कारण एकेकाळी तो कडक नव्हता. परदेशी जोडपी १८९० च्या कायद्याखाली पालकत्व घेऊन मुले नेत आणि दत्तकविधान तिकडे करीत. काही झाले नाही तर विचारणारे कोणी नसे. मध्यस्थ पैसे खात. एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि त्यावरून १९८४ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले. १९९३ मध्ये हेग येथे राष्ट्रांनी याच विषयावर करार केला; भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला. दोन्हींचा गाभा एकच आहे : मूल बाजारात येता कामा नये आणि त्याला आपल्याच देशात घर मिळत असेल तर ते आधी पाहावे.

आता आमच्या जोडप्याकडे वळू. नात्यातले मूल परदेशी राहणाऱ्या नातेवाईकाने घेण्यासाठी २०१५ च्या कायद्यात कलम ६० आहे. पण इथे "नातेवाईक" म्हणजे आपण लग्नाच्या पत्रिकेत धरतो ते सगळे नव्हेत. मुलाचे काका-काकी, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, एवढेच. आईच्या चुलत बहिणीची मुलगी, शेजारच्या घरची पोर, धर्मपुत्र असलेला मुलगा, हे यात बसत नाहीत. धर्ममाता म्हणून वेदीपुढे उभे राहिल्याने कायद्याचे नाते जुळत नाही, हे काहींना ऐकायला कठीण जाते. आमच्या जोडप्याचे सुदैव की ती मुलगी सख्ख्या भावाची आहे.

सुरुवात मात्र इथून होत नाही, तिथून होते. कॅनडात दत्तकाचा विषय प्रांताकडे असतो. म्हणून ते ज्या प्रांतात राहतात तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडे किंवा शासकीय प्राधिकरणाकडे त्यांनी अर्ज करायचा. तेथील समाजसेवक घरी येऊन पाहणी करतो : पगार, तब्येत, पोलीस दाखला, मुलाला झोपायला खोली, नवराबायकोचे एकमेकांशी कसे आहे, सगळेच. हा "होम स्टडी" अहवाल दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे "कारा"कडे संगणकावरून येतो. जिथे अशी संस्था नाही अशा देशात राहणाऱ्या भारतीयांनी आपल्या दूतावासाकडे जायचे असते. आखाती देशांत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. इस्लामी कायद्यात "कफाला" म्हणून मुलाचा सांभाळ करता येतो, पण त्याने मुलाचे आईवडील बदलत नाहीत.

इकडे जिल्हा बाल संरक्षण कक्ष मुलीच्या घराचा अहवाल तयार करतो. जन्मदात्या आईवडिलांची लेखी संमती लागते. मूल पाच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असेल तर त्याचीही संमती लागते. आम्ही त्या बाईंना विचारले, "मुलीला कोणी विचारले का?" दोघेही गप्प. सहा वर्षांच्या पोरीला आपण साडी नेसवताना विचारत नाही, तर देश बदलताना काय विचारणार! पण कायदा विचारतो. या बाबतीत तो आपल्यापेक्षा शहाणा आहे, असे आमचे मत झाले आहे.

मग जिल्हाधिकाऱ्यांपुढे अर्ज. पूर्वी हे काम न्यायालयात चाले. २०२१ च्या दुरुस्तीने, १ सप्टेंबर २०२२ पासून, दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. वसईकरांसाठी ते पालघरला. सुनावणी बंद दाराआड होते आणि अर्जाचा निकाल दोन महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. "कारा"चे ना हरकत प्रमाणपत्र, दत्तकाचा आदेश, नव्या आईवडिलांच्या नावाचा जन्मदाखला आणि पासपोर्ट, एवढे सगळे हाती आल्यावरच मूल विमानात बसते. त्यानंतरही दोन वर्षे तिकडची संस्था मुलाची खबर इकडे कळवते. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी.

आदेशाशिवाय मूल परदेशी पाठवणे किंवा त्या व्यवहारात भाग घेणे हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे नेणारा काका, देणारा बाप, एजंट आणि खोटा दाखला लिहिणारा धर्मगुरू, सगळे एकाच गाडीत!

कॅनडाच्या बाजूची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिकडचे अधिकारी दोन गोष्टी पाहतात : जुने कायदेशीर नाते खरोखर संपले आहे का, आणि हे दत्तक मुख्यतः तिकडचे नागरिकत्व मिळवण्यासाठी तर केले नाही ना. "शिकायला नेतो, मोठी झाली की इकडच्यांना बोलावील" असा विचार मनात असेल तर तो अर्ज टिकणार नाही आणि टिकूही नये. आम्ही हा प्रश्न त्या भावांना समोरासमोर बसवून विचारला. धाकटा भाऊ बराच वेळ खाली बघत राहिला. शेवटी म्हणाला, "फादर, ती आम्हांला मम्मी-डॅडीच म्हणणार ना?" खरे दुखणे तिथे होते.

कारण दत्तकाच्या आदेशाच्या दिवसापासून जन्मदात्या घराशी मुलाचे कायद्याचे नाते संपते. त्याआधी मुलाच्या नावावर जे झालेले असेल ते त्याचे राहते. पुढचे मात्र नव्या घरातून. आजीची वाडी उद्या वाटली जाईल तेव्हा ही मुलगी धाकट्या भावाची नव्हे, थोरल्याची वारस म्हणून उभी राहील. हे आज जेवणाच्या टेबलावर बोलून घ्यावे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना "नाते" ही स्वतंत्र वस्तू आहे की नुसती माणसाच्या मनातली कल्पना, यावर आम्ही तासन् तास वाद घालीत असू. तेव्हा एवढे मात्र सुचले नव्हते की नात्याला कागदही लागतो. संत पॉलला ते ठाऊक होते. रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिताना तो दत्तकपणाचा जो शब्द वापरतो तो त्याच्या वाचकांच्या कायद्याच्या व्यवहारातला होता. रोमन लोकांत दत्तक हा अधिकाऱ्यापुढे करायचा विधी असे.

आपल्या ख्रिस्तसभेचा कायदाही हेच मानतो. कॅनन ११० प्रमाणे देशाच्या कायद्याने दत्तक घेतलेले मूल हे दत्तक आईवडिलांचेच मूल. म्हणून आदेशाची प्रत आणली की आमच्या नोंदवहीत तशी नोंद होते, त्याआधी नाही. आणि हे नाते इतके खरे धरले जाते की दत्तक भावाबहिणींचा विवाह कॅनन १०९४ प्रमाणे ग्राह्य होत नाही.

उलट्या दिशेचा प्रश्नही एकाने विचारला : भारतीय नागरिकाने परदेशातले मूल घेतले तर? तेव्हा दत्तकविधी आधी त्या देशाच्या कायद्याने पूर्ण करायचा. हेग कराराखालील प्रकरणात "कारा"ची मंजुरी लागते. मुलाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर आपल्या दूतावासाकडून प्रवेशाचा व्हिसा आणि गृहमंत्रालयाची परवानगी घ्यावी लागते. नागरिकत्वाचा अर्ज विसरू नये. अमेरिकेत लहानपणी दत्तक गेलेल्या काही जणांचे कागद आईवडिलांनी पुरे केले नव्हते; २००१ मध्ये तिकडे नवा कायदा लागू झाला तेव्हा ते अठरा वर्षांचे होऊन गेले होते, म्हणून त्यांना तो लागू झाला नाही. आयुष्य तिकडे काढून त्यातल्या काहींवर देशाबाहेर काढले जाण्याची वेळ आली.

शेवटी एक विनंती. काही जण अजूनही कॉन्व्हेंटमध्ये किंवा इस्पितळात जाऊन "सिस्टर, एखादे बाळ असेल तर सांगा" म्हणतात. सिस्टरांना अडचणीत आणू नका. बाळ सोडून देणाऱ्या आईलाही फेरविचारासाठी दोन महिने कायद्याने दिलेले आहेत. अनाथ मूल फक्त "कारा"च्या नोंदणीतूनच मिळते आणि जी फी आहे ती नियमावलीत ठरलेली आहे. पावती न देणाऱ्या कोणालाही एक रुपया देऊ नये.

त्या जोडप्याने एजंटला दिलेली आगाऊ रक्कम परत आलेली नाही. कॅनडातला होम स्टडीचा अर्ज मात्र मार्चमध्ये गेला. मुलीला आता दर रविवारी व्हिडिओवर काकांशी बोलायला देतात. पहिल्या दिवशी ती लाजून आजीच्या मागे लपली होती, असे आजींनी सांगितले.

ज्यांच्या घरी असा विचार चालू आहे त्यांनी बुधवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर कार्यालयात यावे. मुलाचा जन्मदाखला, दोन्ही जोडप्यांचे विवाहाचे दाखले आणि परदेशी राहणाऱ्यांच्या पासपोर्टच्या प्रती सोबत आणाव्यात. आणि शक्य असेल तर आजीलाही आणावे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू