दारचा कावळा आणि भूतदया



दशक्रियेच्या दिवशी पिंड मांडून आपण कावळ्याची वाट पाहत उभे राहतो. तो शिवेना म्हणजे जीव कासावीस होतो. ज्ञानोबारायांनी तर विरहिणीच्या मुखाने कावळ्यालाच पंढरीरायाच्या येण्याचा शकुन विचारला. पण एरवी हा कावळा राहतो कुठे, पाणी कुठले पितो, याची चौकशी कोण करतो?

२०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. पन्नासाच्या आसपास कावळे गेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा बर्ड फ्लूचे निदान झाले. अशा वेळी मनात येते, कावळे हाकलावे, त्यांची झाडेच तोडावी. अहो, पण हाकललेला पक्षी दुसऱ्या आळीत जाऊन बसणार, आणि रोगही बरोबर नेणार! मग काय करावे?

पहिली गोष्ट. मेलेल्या वा आजारी पाखराला उघड्या हाताने शिवू नये, मुलांना शिवू देऊ नये. नगरपालिकेस व पशुसंवर्धन खात्यास कळवावे. गावात साथ आहे तोवर पाखरे एकत्र जमतील असे दाणापाणी ठेवू नये. ही निष्ठुरता नव्हे, हा विवेक होय.

दुसरी गोष्ट. साथ नसेल तेव्हा उन्हाळ्यात सावलीत मातीचे उथळ परळ भरून ठेवावे. ते रोज घासून धुवावे, कारण विष्ठेतून रोग पसरतो. २०१६ साली लातूरला माणसांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आले. पाखरांसाठी कोणती गाडी येणार? नाथांनी कावडीतले गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. मग दारातल्या पाखराला वाटीभर पाणी का नको?

तिसरी गोष्ट. वड-पिंपळाची फळे पाखरे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी दूरवर जाऊन रुजते. कावळा उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाच्या तोंडावर घरटे करतो. कोकिळा आपली अंडी त्याच्याच घरट्यात घालते. त्या दिवसांत फांद्या छाटल्या, तर कावळ्याबरोबर कोकिळेचेही पिल्लू जाते. छाटणी करणेच असेल तर आधी घरटे पाहावे.

चौथी गोष्ट संक्रांतीची. नायलॉनचा मांजा झाडावर अडकला की लवकर कुजत नाही, आणि त्यात पाखरांचे पंख व पाय कापतात. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. तरी आपल्या मुलाच्या हातात कोणता दोरा आहे, हे बघायचे काम आपलेच. नांदेडकरांनी संक्रांतीनंतर गोदावरीच्या घाटावरील झाडांचा, लातूर-उदगीरकरांनी आपल्या आळीतील झाडांचा मांजा उतरवावा. एका भजनी मंडळाला एक सकाळ पुरे.

असो. पिंडाला शिवणारा कावळा हवा असेल, तर आधी जगणारा कावळा हवा. सर्वांभूती देव म्हणताना त्यातून दारचे पाखरू वगळू नये, इतकेच सांगणे.

रामकृष्णहरि!